खोट्या बोटातले सोने

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे आणि मला डोळे नाहीत. माझ्यासमोर आजवर कितीतरी माणसे उभी राहिली, पण त्यांतल्या एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही. मला ऐकू मात्र येते. माझ्या लोखंडी कपाटावर कोणी हात टेकला, तर तो हात घाईतला आहे की निवांत, हे मला कळते. एखादी वस्तू माझ्या पोटात ठेवा. ती बाहेरून कशी दिसते हे मला सांगता येणार नाही, पण आतून ती कशी रचलेली आहे, हे मी बिनचूक सांगेन.

माझे काम क्ष-किरणांचे विखुरणे मोजण्याचे. दाट धुक्यात गाडीचे दिवे लागले की प्रकाश सरळ पुढे न जाता आजूबाजूला पसरतो, हे तुम्ही पाहिले असेल. क्ष-किरणांचेही तसेच आहे. ते पदार्थातून आरपार जाताना आतल्या अणूंवर आपटतात आणि थोडेसे इकडेतिकडे फुटतात. अणू शिस्तीत, ओळीने बसलेले असले तर किरण ठरावीक दिशांनाच जोरात फुटतात आणि आलेखावर ताठ सुळके उभे राहतात. अणू जत्रेतल्या गर्दीसारखे कसेही उभे असले, तर आलेखावर नुसती बसकी टेकडी उठते. पाण्याची टेकडी रुंद असते. चरबीची तिच्या जरा अलीकडे आणि निमुळती. हाडाचे सुळके बोथट, कसेनुसे. सोन्याचे मात्र टाचणीसारखे टोकदार. मी माणसांना चेहऱ्याने ओळखत नाही, पण पदार्थांना असे ओळखते.

मला मिस्त्रीकाकांनी घडवले. त्यांचे खरे नाव कोणी घेत नसे. त्यांच्या कारखान्यात तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असायचा, असे लोक म्हणत. मला वास येत नाही. माझ्या पोटात त्यांनी एका बाजूला किरणांची नळी बसवली, मधोमध नमुना धरणारा चिमटा बसवला आणि त्याभोवती मुंगीच्या चालीने फिरणारा एक हात बसवला. त्या हाताच्या टोकाला विखुरलेले किरण मोजणारा मोजक. नळीच्या तोंडावर किरण अडवणारी झडप. बाहेरून शिशाच्या जाड पत्र्याचे कपाट आणि त्याला एक दार. दाराच्या चौकटीत एक छोटे बटण होते. दार उघडले की बटण सुटायचे आणि झडप खाडकन बंद व्हायची. दाराच्या वर एक लाल दिवा होता. झडप उघडी, दिवा पेटलेला. झडप बंद, दिवा विझलेला. काकांनी ते बटण तयार झाल्यावर इतक्या वेळा दाबून पाहिले, की त्यांच्या बायकोने दारातूनच विचारले, "तुमचं बोट दुखायला लागेल की, जेवायला येताय ना?"

मग मला एका संशोधन संस्थेच्या तळघरात आणले गेले. त्या खोलीला खिडकी नाही. भिंती जाड आहेत. तिथे बोललेला शब्द बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. सुरुवातीची वर्षे फार चांगली गेली. बाई माझ्यावर काम करत. सगळी संस्था त्यांना नुसते 'बाई' म्हणे. त्या रोज नवे पदार्थ आणत : रबर, साबण, लाकडाचा भुसा, मेण, कातडे, खाटकाकडून आणलेला मांसाचा तुकडा. प्रत्येकाचा आलेख काढून जपून ठेवत. लांबून लांबून लोक ते आलेख मागायला येत. "ह्याच्यासारखं खरं बोलणारं यंत्र दुसरं नाही," असे बाई पाहुण्यांना सांगत आणि माझ्या कपाटावर थोपटत. त्यांचा हात नेहमी निवांत असे.

पुढे वरच्या मजल्यावर नवी यंत्रे आली. ती चकचकीत होती, भराभर काम करणारी होती. माझ्याकडे येणारी पावले कमी झाली. दाराच्या बटणाची स्प्रिंग ढिली पडली. मोजणी चालू असताना दार नीट बंद असूनही झडप मधेच पडू लागली. दर वेळी काम पहिल्यापासून करावे लागे आणि माणसे वैतागत. एके दिवशी मला चिकटपट्टी फाडल्याचा आवाज ऐकू आला. कोणीतरी ते बटण दाबून त्यावर पट्टी चिकटवली. काही महिन्यांनी ती सुटू लागली, तेव्हा दुसऱ्याच कोणीतरी वरून आणखी एक लावली. मग तिसऱ्याने. प्रत्येकाला वाटले असेल की आधीच्याने विचार करूनच लावली असणार. आता दार उघडले तरी झडप पडत नव्हती. बाई तेव्हा वर नव्या यंत्रांवर असत. त्यांना यातले काहीच माहीत नव्हते. राहिला होता फक्त दिवा.

आणि मग एके दिवशी दिव्याची तारही आत तुटली. आवाज इतका बारीक झाला की खोलीतल्या कोणालाच तो ऐकू आला नाही. मला आला.

त्याच्या कित्येक महिने आधीच जावईबापू माझ्याकडे येऊ लागले होते. ते काही कोणाचे साहेब नव्हते. बाईंच्या धाकट्या बहिणीशी त्यांचे लग्न झाले होते आणि मग ते याच संस्थेत नोकरीला लागले, म्हणून सगळे त्यांना चेष्टेने जावईबापू म्हणू लागले. "जावईबापूंना खुर्ची द्या, नाहीतर रुसतील," असे कोणीतरी रोज म्हणायचे आणि ते रोज तितक्याच मोठ्याने हसायचे. हसतमुख माणूस, पण हात कायम घाईतला.

त्यांना खोटे बोट करायचे होते. रुग्णालयातली क्ष-किरण यंत्रे नीट चालतात की नाही, हे पाहायला खऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा किरणांपुढे बसवता येत नाही. म्हणून माणसासारखेच किरण विखुरणारे खोटे अवयव लागतात. दिसायला कसेही असले तरी चालते. आतून मात्र ते हुबेहूब हवेत. जावईबापू मेण, रबर, पाणी धरून ठेवणारा चिकट गोळा आणि हाडासाठी चुन्यासारखी पूड असे काहीबाही मिसळून बोटे ओतत. ओतली की माझ्या चिमट्यात लावत. मी मोजे आणि खरे ते सांगे : हे मेण आहे, हा चुना आहे, हे बोट नव्हे. कित्येक महिने हेच चालले. त्यांचे हसणे कमी झाले. काम जमले नाही तर ते बंद करायचे, असे संस्थेच्या साहेबांनी सांगून ठेवले होते.

ती बोटे मऊ होती. चिमट्यात लावली की हळूहळू खाली कलायची. माझी नळी तापायला जरा वेळ घेते. सुरू करायचे बटण दाबल्यावर लगेच किरण सुटत नाहीत. तेवढ्या वेळात जावईबापू दार उघडे ठेवून ते कलणारे बोट आपल्या बोटांनी वर उचलून धरत, दाबून बसवत. लाल दिवा लागला की हात काढायचा आणि दार लावायचे, असा त्यांचा हिशोब होता.

पण आतली तार तुटली त्या दिवशी दिवा लागलाच नाही. नळी तापली, झडप उघडली, माझा हात मुंगीच्या चालीने निघाला आणि जावईबापू दिव्याची वाट पाहत उभे राहिले.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मला फक्त मोजता येते. माझ्या पोटात मेण होते, आणि मेणाच्या पुढ्यात काहीतरी वेगळे होते. पहिल्यांदा चरबीची निमुळती टेकडी आली. मग हाडाचा एक बोथट सुळका. मग पाण्याची रुंद, ऊबदार टेकडी; कारण जिवंत शरीर म्हणजे बरेचसे पाणीच. मी ते सगळे जसेच्या तसे लिहिले. बऱ्याच वेळाने जावईबापू पुटपुटले, "आज फारच वेळ लावतंय म्हातारं," आणि हात काढून दार लावून बाहेर गेले.

आलेख पाहिल्यावर ते धावतच परत आले. "ताई! ताई, खाली या! जमलं!" ते बाईंना ताई म्हणत.

बाई आल्या. त्यांनी पुस्तकातल्या खऱ्या बोटाच्या जुन्या आलेखाशी तो आलेख ताडून पाहिला.  मग बाई म्हणाल्या, "अरे, हे तर हुबेहूब आहे."

साहेब आले, माणसे आली, कोणीतरी माझ्या कपाटावर थापा मारल्या. कितीतरी वर्षांनी माझे कौतुक झाले. मिस्त्रीकाकांनाही निरोप गेला. आणि चिमट्यात ते मेणाचे बोट हळूहळू खाली कलत होते.

यानंतर जे सुरू झाले त्याला खोलीतली माणसे घाबरू लागली. बाईंनी तेच बोट स्वतः लावून मोजले. त्या दार आधी लावत आणि मगच मला सुरू करून पलीकडच्या खोलीत पडद्यासमोर जाऊन बसत. आलेख आला मेणाचा. त्यांना वाटले, आपले काही चुकले. जावईबापूंनी पुन्हा मोजले, तसेच बोट धरून दिव्याची वाट पाहत; म्हाताऱ्या यंत्राला वेळ लागतो, एवढेच त्यांना वाटे. आलेख आला बोटाचा. बाईंनी मोजले, मेण. जावईबापूंनी मोजले, मांस आणि हाड.

"हे बोट माणूस ओळखतं की काय?" कोणीतरी हसत म्हणाले. पण त्या हसण्याला कोणी साथ दिली नाही. झाडायला येणाऱ्या मावशींनी आत येणे सोडले. दारातूनच केरसुणी टेकवून त्या म्हणाल्या, "त्याच्या हाती ते जिवंत होतं म्हणतात. मी नाही यायची." ते बोट रात्री काचेच्या झाकणाखाली ठेवायला हवे, असेही कोणी सुचवले, जणू ते चालत कुठे जाणार होते.

जावईबापू मात्र खुशीत होते. फक्त अधूनमधून ते हातावर फुंकर मारत. "गरम मेणाने भाजलं," असे विचारणाऱ्याला सांगत.

बाईंना चैन पडेना. एका दुपारी त्या सगळे आलेख घेऊन माझ्याजवळच येऊन बसल्या. कागदावर पट्टी सरकवल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. पाण्याच्या टेकडीच्या पलीकडे, सगळ्यांनी कचरा म्हणून सोडून दिलेले दोन बारीक सुळके होते. टाचणीसारखे टोकदार. बाईंनी त्यांची जागा मोजली, पुन्हा मोजली आणि स्वतःशीच म्हणाल्या, "सोनं?"

त्यांनी रिकामा चिमटा मोजला. सोने नव्हते. मेण मोजले, चुना मोजला. सोने नव्हते. जावईबापूंचे सगळे आलेख त्यांनी ओळीने लावले असावेत. पहिल्या आलेखांत सोने होते. अलीकडच्या आलेखांत मांस होते, हाड होते, पण सोने गेले होते.

तेवढ्यात जावईबापू आत आले.

"काय ताई, अजून त्या कचऱ्याच्या मागे लागलात?"

"आपल्या ह्या खोट्या बोटानं अंगठी कधी घातली होती रे?" बाईंनी विचारले.

ते हसले. "म्हणजे?"

"ह्यात सोनं आहे. आणि मागच्या आठवड्यापासून नाही."

जावईबापू हातावर फुंकर मारू लागले. 

"तुझी अंगठी कुठाय?" बाईंचा आवाज एकदम खाली गेला.

"काढून ठेवलीय. बोट सुजलंय ना."

"कधी काढलीस?"

"मागच्या..." ते थांबले. "ताई, मी दिवा लागला की लगेच हात काढतो. नेहमी. दिवा लागलाच नाही तर..."

"हात मागे घे. यंत्रापासून लांब हो. दाराबाहेर जा. आधी बाहेर जा!"

बाईंनी वरून किरण मोजायचे छोटे मीटर आणले, ते एका लांब काठीच्या टोकाला बांधले, मला सुरू केले आणि बाजूला उभ्या राहून काठीनेच दार उघडले. दार उघडले की माझी झडप पडायला हवी होती. ती पडली नाही. दिवा काळा होता आणि मीटर टकटक टकटक करत सुटले. मित्रांनो, तो आवाज माझ्याविषयी होता आणि तो खरा होता. त्या विझलेल्या दिव्याखाली मी पूर्ण जागे होते. बाईंनी भिंतीवरचा मोठा खटका ओढला. मी थंड झाले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकाकांना बोलावले. ते आता फार म्हातारे झाले होते. त्यांनी चौकटीवर बोट फिरवले आणि चिकटपट्टीचा थर सोलायला लागले. एक थर, त्याखाली दुसरा, त्याखाली जुना, वाळून कडक झालेला तिसरा. "हे एका माणसाचं काम नाही," ते म्हणाले. साहेबांनी सगळ्यांना विचारले. पट्टी कोणी लावली, हे कोणी सांगितले नाही. मला वाटते, बऱ्याच जणांना आपण ती लावल्याचे आठवतही नव्हते. काका दिवा काढून घेऊन गेले. जाताना त्यांनी मला हात लावला नाही.

जावईबापू रुग्णालयात होते. त्यांच्या हाताचे काय चालले होते ते मला तुकड्यातुकड्याने ऐकू यायचे. आधी फोड आले. मग कातडी बरी झाल्यासारखी वाटली. मग आतून बिघडत गेली. क्ष-किरणांचे भाजणे असेच असते. ते आधी आत जाते आणि फार उशिरा बाहेर येते.

एका सकाळी बाईंची धाकटी बहीण माझ्या खोलीत आली. तिची पावले मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"हेच का ते?"

"हो," बाई म्हणाल्या.

"अंगठीच्या बोटाचं पेर काढावं लागणार म्हणतात. बाकीची बोटं वाचतील." तिचा आवाज कोरडा होता. "ताई, तुझ्या भरवशावर मी निर्धास्त होते गं. म्हटलं, ताई आहे तिथं."

 बाई म्हणाल्या, "मी वर होते. खाली येऊन दार कधी तपासलंच नाही."

"मला तो कागद दाखव."

कागद उलगडल्याचा आवाज झाला.

"ह्यात तो कुठं आहे?"

"ही चरबी. हे हाड. ही टेकडी पाण्याची."

"आणि ही दोन टोकं?"

"ती तुझी अंगठी."

धाकटी त्या कागदावरून बोट फिरवत राहिली असावी. कागद सारखा खरखरत होता. बाईंनी हळूच विचारले, "फाडून टाकू का हे?"

"नको," ती म्हणाली. "फाडू नकोस. बोट इथंच तेवढं उरलंय."

मग त्या दोघी बहिणी माझ्या बंद दाराला पाठ टेकून जमिनीवर बसल्या. मी गार होते. त्यांच्या पाठीची ऊब माझ्या पत्र्यातून आत येत होती आणि मला त्याचे काहीच मोजता येत नव्हते.

जावईबापू परत आले तेव्हा बरेच महिने उलटले होते. त्यांच्या पावलांत घाई उरली नव्हती. मला नवे बटण लागले होते, नवी स्प्रिंग, नवा दिवा. शिवाय दिवा बंद पडला तर झडप उघडूच नये, अशी सोय काकांनी करून दिली होती. जावईबापूंनी पुन्हा खोटे बोट ओतायला घेतले. साहेब म्हणाले, "राहू दे आता, दुसरं काम घे." त्यांनी ऐकले नाही.

ते समोर एक आलेख ठेवत. बाहेरून आणलेला नाही, पुस्तकातला नाही, तो त्यांचा स्वतःचा, त्या दिवसांतला. त्याच्याशी जुळेपर्यंत ते मिश्रण बदलत राहिले. मेण कमी, पाणी जास्त, पूड थोडी अधिक बारीक. दर वेळी दार बाई लावत आणि दार लागल्यावर दोघेही चौकटीवर हात फिरवून पाहत. एका दुपारी मी मोजले आणि मला ते ओळखीचे वाटले. चरबीची निमुळती टेकडी. हाड. ती रुंद टेकडी. मेण आहे हे मला माहीत होते, पण आतून ते अगदी त्या बोटासारखे बोलत होते. फक्त सोने नव्हते.

या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जावईबापू दार उघडून ते बोट चिमट्यातून काढून घेऊन उभे राहिले. बाईंनी विचारले, "काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "उगाच हातात धरून बघतोय."

आज त्या मिश्रणाची बोटे कितीतरी रुग्णालयांत आहेत. यंत्रे तपासायला रोज कोणीतरी ती किरणांपुढे ठेवते, आणि एका माणसाच्या हाताला जे पेर आता नाही, ते तिथे पुन्हा पुन्हा विखुरत राहते. ज्यांच्या टेबलावर ते असते त्यांना ते कोणाचे, हे माहीत नाही. तुम्हाला आता माहीत आहे.

मित्रांनो, माझ्यासारखी पुष्कळ मुकी यंत्रे तुमच्या आसपास असतात. आम्ही बिघडलो तर आम्हाला सांगता येत नाही. आमचे दार नीट लागत नसेल तर त्यावर पट्टी लावू नका, दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. कोणी आधीच लावलेली दिसली तर त्याने विचार करूनच लावली असेल असे समजू नका, ती काढा आणि खाली काय आहे ते पाहा. आणि विझलेला दिवा दिसला की थांबा. धोका नाही म्हणूनही दिवा विझलेला असतो, आणि दिवा मेला म्हणूनही तो विझलेलाच असतो. अंधारात दोन्ही सारखेच दिसतात. हात पुढे करण्याआधी तेवढे एकदा विचारा, कारण आम्ही तुम्हाला थांबवू शकत नाही. आम्ही फक्त मोजत राहतो.